दोन दशांश कमी

ठोकळ्याची एक बाजू एकोणपन्नास पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर भरली. बाईंनी मायक्रोमीटर सैल केला, त्याच्या दोन तोंडांमधून कोरा कागद ओढून धूळ पुसली आणि पुन्हा मोजलं. एकोणपन्नास पूर्णांक आठ. मग दुसरा ठोकळा घेतला. त्याच्या तळाला खडूने तारीख लिहिली होती, तीन महिन्यांपूर्वीची. तोही एकोणपन्नास पूर्णांक आठ.

हवे होते पन्नास. पाच शतांश इकडे किंवा पाच शतांश तिकडे चाललं असतं. परीक्षेत तेवढी सूट असते. दोन दशांश म्हणजे वहीच्या दोन पानांची जाडी. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, पण नापास व्हायला भरपूर.

बाईंचं डोकं फिरलं ते माप कमी भरलं म्हणून नव्हे. दोन्ही वेळा सारखंच कमी भरलं म्हणून.

बावीस वर्षं त्या मुलांना कानस धरायला शिकवत होत्या आणि बावीस वर्षं मुलांच्या चुका मोजत होत्या. चुकीला शिस्त नसते हे त्यांना पाठ होतं. एकाच मुलाने दहा ठोकळे बिघडवले तर तो ते दहा तऱ्हांनी बिघडवतो. कधी कोपरा उतरतो, कधी मध्ये फुगवटा राहतो, कधी तीन दशांश जातात, कधी अर्धा मिलिमीटर. या दोन ठोकळ्यांचे कोपरे मात्र काटकोन तपासायच्या गुण्याला असे बसत होते की फटीतून उजेड दिसेना. पृष्ठभाग आरशासारखे. आणि चूक शतांशापर्यंत तीच. ही चूक नव्हतीच. हे काम होतं, आणि फार सुरेख काम होतं.

"हिच्या तर!" बाई रिकाम्या कार्यशाळेत मोठ्याने म्हणाल्या.

सकाळचे सात वाजले होते. तिसरी आणि शेवटची परीक्षा दहाला होती.

हे दोन ठोकळे आधीच हातात आले असते तर एवढी वेळ आली नसती. पण परीक्षेचं काम अधीक्षकांच्या कपाटात जमा होतं आणि अधीक्षक हा माणूस कपाटातली टाचणीसुद्धा नियम पाहिल्याशिवाय बाहेर काढत नसे. "नियमात बसतं का, बघू," असं म्हणत त्यांनी तीन महिने घालवले आणि काल संध्याकाळी, ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी, ठोकळे कागदात गुंडाळून पाठवले. सोबत पोचपावती. तीन प्रतींत.

तोपर्यंत सगळे एकच म्हणत होते, पोरीला परीक्षेची भीती वाटते. बाईंनीही तेच धरून चालत तिच्यासाठी काय काय केलं नव्हतं! सुटीच्या दुपारी सराव परीक्षा घेतल्या. समोर घड्याळ लावलं. लांब्या नावाच्या उंच, वात्रट मुलाला परीक्षक म्हणून पाठीशी उभं केलं. "पडणार, पडणार, हिचा ठोकळा पडणार," असं तो कानाशी गुणगुणत राहिला, आणि ही शांतपणे पन्नासचा ठोकळा पन्नास करून त्याच्या हातात ठेवत होती. सरावाचे अकराच्या अकरा ठोकळे बरोबर. परीक्षेचे दोन्ही बाद. सुट्या बाईंच्या गेल्या.

पोरीला सगळे गप्पी म्हणत, कारण ती गप्प असे. वय अठरा वर्षं सहा महिने. हे केंद्र अशाच मुलामुलींचं होतं: घरातून पळालेली, शाळेतून गळालेली, पोलिसांनी नको त्या जागी पकडलेली. न्यायाधीशांनी सांगावं, वर्षभर तिथे राहा, हाताला काम शिका, मग बघू. एक वसतिगृह, एक भोजनगृह, चार कार्यशाळा आणि कार्यालय, एवढा कारभार. गप्पी इथे आली ती एका गॅरेजच्या मागच्या खोलीतून. पोलीस आत शिरले तेव्हा टेबलावर चोरीच्या मोटारसायकलचं इंजिन होतं, त्याच्यावरचा अर्धा नंबर घासून गेलेला होता, आणि कानस हिच्या हातात होती. गॅरेज मामाचं. मामा नेमका त्या वेळी चहा प्यायला गेला होता.

पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना कानशी वाटल्या तेव्हा कुणी ती बॅटसारखी धरली, कुणी भात ढवळायच्या पळीसारखी. गप्पीने खिशातून खडूचा तुकडा काढून आधी कानशीच्या दातांवर फिरवला, म्हणजे लोखंडाचा कीस अडकत नाही.

"हे कुठे शिकलीस?"

"घरी."

या दोन अक्षरांवर बाईंनी पुढचे पंधरा दिवस काढले. तिसरं अक्षर आलं नाही.

"मावशी, तिला पाठवा इकडे," बाईंनी भोजनगृहाच्या खिडकीतून हाक मारली. मावशी म्हणजे वसतिगृहाची सगळी देखरेख करणारी बाई. स्वयंपाक, चाव्या, तापाच्या गोळ्या आणि सगळ्यांच्या बातम्या तिच्याकडे असत.

"खाऊ तरी द्या तिला, बाई. परीक्षा आहे आज."

"खाऊन झालं की लगेच पाठवा."

गप्पी आली, हात पुसत, मान खाली. बाईंनी तिच्यासमोर, काम घट्ट पकडायच्या व्हाइसच्या कडेला, तीन ठोकळे मांडले. एक सरावाचा, दोन परीक्षेचे.

"मोज."

गप्पीने मोजले. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त दुसऱ्या ठोकळ्यानंतर तिने तिसरा मोजायला घेतलाच नाही.

"काय झालं?"

"कानस जास्त लागली."

"दोन्ही वेळा?"

"हं."

"दोन्ही वेळा कानशीच्या चाळीस घासा जास्त? मी मोजून सांगू? बारीक कानशीने तुझ्या एका घासेला मिलिमीटरचा दोनशेवा भाग जातो. दोन दशांशाला चाळीस घासा लागतात. चाळीस! माणसाचा हात चुकून एकदा जाईल, दोनदा जाईल. चाळिसदा चुकून जातो का, गं?"

गप्पीने ठोकळा फिरवून तळाची तारीख पाहिली.

"बरं, चुकायचंच होतं तर नीट तरी चुकायचंस! एकदा तीन दशांश, एकदा एक. जरा कोपरा पाडायचा. चुकतानाही मेली मोजून चुकली!" बाईंचा आवाज चढला आणि त्यांचा त्यांनाच राग आला. बाई सहसा आवाज चढवत नसत. चढवला की त्यांना दिवसभर घसा दुखल्यासारखं वाटे.

त्या स्टुलावर बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "विचारणा टाळायची आहे. हो ना?"

पोरीने पहिल्यांदा वर पाहिलं.

विचारणा हा या केंद्राचा रिवाज होता. अठरा पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी परीक्षा पास झाली की त्याच दुपारी कार्यालयात उभं राहायचं. समोर अधीक्षक, शेजारी पालक. अधीक्षकांनी विचारायचं, इथून पुढे कुठे जाणार? आणि त्या मुलाने स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं. लिहून दिलेलं चालत नाही. दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. मुलाने तोंड उघडलंच नाही तर पालक सांगतील ते लिहायचं.

हा नियम कुणी केला होता? बाईंनीच. आठ वर्षांपूर्वी सुतारकामाच्या एका मुलाने त्यांच्यापाशी रडून सांगितलं होतं की मला बापाकडे जायचं नाही. बाईंनी ते त्याच्या वतीने बापाला सांगितलं. बापाने आकाशपाताळ एक केलं, केंद्र पोरं फोडतं म्हणून वरपर्यंत तक्रार नेली, आणि चौकशीत बापाला पाहून मुलगा म्हणाला, मी असं बोललोच नव्हतो. तेव्हा बाईंनी स्वतः बसून, शब्द न शब्द तोलून हा नियम लिहिला होता. इतका चोख की त्यात आता त्यांना स्वतःलाही पळवाट उरली नव्हती.

"पास झालं की विचारतात," गप्पी म्हणाली. "नापास झालं की तीन महिने कुणी काही विचारत नाही."

"आणि आज तिसऱ्यांदा नापास झालीस तर?"

"नाव कमी."

"नाव कमी, आणि सरळ मामाच्या ताब्यात. तेव्हाही कुणी विचारणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

गप्पीने खांदे जरासे उचलले. "मग बोलावं नाही लागणार."

बाईंनी कपाळाला हात लावला. पंप बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र त्यांच्या खणात होतं. फिटरची जागा, दोन तासांच्या अंतरावर, नोकरदार मुलींच्या वसतिगृहात एक कॉट. कारखान्याच्या पर्यवेक्षकाने गप्पीचे सरावाचे ठोकळे पाहिले होते आणि दोनदा वाट पाहिली होती. या वेळच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की यापुढे जागा राखून ठेवता येणार नाही. आणि ही मुलगी सांगत होती की जन्माचं वाटोळं झालं तरी चालेल, पण तोंड उघडायला नको.

"तुला मामाकडे जायचंय का?"

मान आडवी हलली.

"तोंडाने."

"नाही."

"बघ, जमतं की! हेच तिथे म्हणायचं."

"त्याच्यासमोर नाही जमत, बाई." आणि मग, बहुधा दीड वर्षातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य आलं: "मी सहा वर्षांची होते तेव्हा आई गेली, कुणी घ्यायला तयार नव्हतं, मामाने खांद्यावर बसवून आणलं मला, रस्ताभर गाडीचा हॉर्न वाजवतो तसा आवाज काढत होता तोंडाने, मी रडू नये म्हणून."

बाईंनी तिन्ही ठोकळे एका ओळीत लावले. मामा लबाड आहे, हे त्यांना पुराव्यानिशी सिद्ध करता आलं असतं. हॉर्नच्या आवाजाचं काय करायचं?

"तुम्ही सांगा ना त्याला," गप्पी म्हणाली.

"मी सांगून चालत नाही!" बाई पुन्हा ओरडल्या.

नऊ वाजता मावशी आत आली, हातात पळी तशीच. तिने सगळं खिडकीतून ऐकलं होतं आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. "सराव करून घ्या की, बाई. तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा सराव असतो." तिने पदर कमरेला खोचला, पोट पुढे काढलं आणि पळी मिशीसारखी ओठावर आडवी धरली. "हं. मी मामा. काय भाचीबाई, चलायचं ना घरी?"

गप्पीला हसू आलं. दीड वर्षात बाईंनी तिचे दात पाहिले नव्हते. पुढच्या दोन दातांत फट होती.

"हसू नको, बोल! मी येणार नाही, म्हण."

"मी..." गप्पी म्हणाली, आणि मावशीच्या मिशीकडे पाहून पुन्हा हसली.

"बरं, मला नको सांगू. त्या यंत्राला सांग." मावशीने ड्रिलच्या यंत्राकडे बोट केलं. "ते काही उलट बोलणार नाही."

गप्पी यंत्रासमोर उभी राहिली. एक मिनिट गेलं. बाई घड्याळाकडे पाहत होत्या, म्हणून त्यांना नक्की माहीत होतं. यंत्रालाही तिने काही सांगितलं नाही.

"दातखीळच बसते हो हिची," मावशी म्हणाली. "यंत्रालासुद्धा घाबरते."

"घाबरत नाही," बाई चिडून म्हणाल्या. "यंत्रालाही वाईट वाटू नये म्हणून बघते."

दहाला परीक्षक आले. बाहेरचे गृहस्थ, आपली मोजमापाची पेटी घेऊन आलेले. नियमाप्रमाणे बाईंना आत राहता येत नव्हतं. दाराला काचेची चौकट होती, तिच्यामागे त्या उभ्या राहिल्या. दाराबाहेर बाक होता, पण त्यांना बसवेना.

गप्पीला ओबडधोबड तुकडा मिळाला. तिने जाड कानस लावली. मग मधली. तिचं काम पाहणं हा एरवी बाईंचा विसावा असे: हात कोपरापासून जमिनीला समांतर, दोन्ही पाय रोवलेले, कानस पुढे जाताना वजन, मागे येताना अलगद. घाई नाही. बाकीची तीन मुलं सरकत्या खुर्चीवर बसल्यासारखी हलत होती. ही एकटी झुलत होती, पाळण्यासारखी, एकाच तालात.

दीड वाजता तिने खडू काढला. म्हणजे आता बारीक कानस. म्हणजे आता पन्नास जवळ आलं. तिने मोजलं, गुण्या लावला, उजेडाकडे धरला, पुन्हा मोजलं. मग ठोकळा व्हाइसमधून सोडवला.

बाईंनी श्वास सोडला.

गप्पीने ठोकळा पुन्हा व्हाइसमध्ये बसवला आणि कानस उचलली.

"नको, नको, नको," बाई काचेला म्हणाल्या. लांब्या शेजारून जात होता, तो थबकला. "काय झालं, बाई?" "गप्प बस!" बाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली होती. एक. दोन. तीन. काचेतून आवाज येत नव्हता, फक्त खांदा पुढे जाताना दिसत होता. सात. आठ. दहापर्यंत हरकत नव्हती, पाच शतांशांच्या सुटीत बसलं असतं. अकरा झाल्या तर संपलं असतं. लांब्यालाही काय कळायचं ते कळलं, तोही मोजू लागला. नऊ.

नववी घास पुढे गेली आणि परत आली नाही. गप्पी कानस ठोकळ्यावर टेकवून उभी राहिली. तिने मान वळवली, पण दाराकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहिलं. त्या कपाटात बाई ॲसिडची बाटली ठेवत.

त्या बाटलीचा धडा गेल्या वर्षी झाला होता. बाईंनी एका पट्टीवर आकडे ठोकले होते, मग ते कानशीने पूर्ण घासून, पॉलिश करून पट्टी वर्गात फिरवली होती. कुणाला काही दिसेना. मग तिच्यावर ॲसिडचे थेंब टाकले आणि थोड्या वेळाने सपाट लोखंडातून आकडे सावलीसारखे वर आले. "जादू!" लांब्या ओरडला होता. "जादू नाही," बाई म्हणाल्या होत्या. "आकडा ठोकताना त्याच्या खालचा धातू दबतो. तो दबलेलाच राहतो. वरचं घासून खालचं जात नाही." तास संपल्याची घंटा झाली, सगळे गेले, तरी गप्पी पट्टी हातात धरून उभी होती.

आत गप्पीने कानस खाली ठेवली. ब्रशने झटकली, कापडात गुंडाळली. मग ठोकळा परीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"नऊ," लांब्या म्हणाला. "म्हणजे किती, बाई?"

"म्हणजे पास," बाई म्हणाल्या आणि आता त्यांना बाकावर बसावंच लागलं.

एकोणपन्नास पूर्णांक शहाण्णव शतांश भरलं. परीक्षकांनी सही केली. मग इथल्या पद्धतीप्रमाणे गप्पीला आकडे उमटवायचे लोखंडी पंच दिले; पास झालेल्या ठोकळ्यावर ज्याने त्याने आपल्या हाताने आपला हजेरी क्रमांक ठोकायचा असतो. मुलं सहसा टकटक करून मोकळी होतात. गप्पीने प्रत्येक आकड्याला एकच घाव घातला, पण असा की व्हाइस हादरला आणि भोजनगृहातून मावशी डोकावून गेली. दोनशे सात.

मामा तीनला येणार होता, तो पावणेतीनला आला. कार्यालयात शिरला तोच हसत. अंगाने आडवा, स्वच्छ शर्ट, हातांना साबणाचा वास. मावशीची नक्कल फारशी चुकलेली नव्हती.

"काय भाचीबाई! झालीस ना पास? मला माहीतच होतं. मॅडम, हिचा हात म्हणजे हात नाही, देणगी आहे. सर्टिफिकेट चौकटीत घालून गॅरेजमध्ये दारासमोरच लावतो, गिऱ्हाइकाला आल्या आल्या दिसलं पाहिजे." त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेली वस्तू काढली. "हे बघ काय आणलंय. नवी कोरी. बारीक दातांची. असली कानस या गावात कुणाकडे नाही."

गप्पीने ती घेतली. न घेणं तिला जमलं नसतं. बाईंना दिसलं की तिचा अंगठा कागदावरूनच दात चाचपत होता. कानस खरोखरच चांगली होती. त्याचाही बाईंना वैताग आला.

अधीक्षकांनी वही उघडली, चष्मा लावला, टोपण काढलं. "नियम क्रमांक चौदा. प्रशिक्षणार्थी दोनशे सात. इथून पुढे कुठे जाणार?"

भिंतीवरचा पंखा फिरत होता. कागद वजनाखाली फडफडत होते. गप्पी टेबलाच्या कडेकडे पाहत होती.

"सांग," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही," अधीक्षक म्हणाले. "नियमात बसत नाही. तुमचाच नियम आहे."

बाई खुर्चीत मागे टेकल्या.

"यात विचारायचं काय, साहेब?" मामा हसला. "घरी येणार. लाजते हो ती. लहानपणापासून अशीच. हिच्या वतीने मीच बोलत आलोय."

"प्रशिक्षणार्थी बोलत नसेल तर पालकांचं म्हणणं नोंदवायचं," अधीक्षक म्हणाले आणि लिहायला लागले. त्यांचं अक्षर मोठं आणि संथ होतं. 'पालकांच्या' एवढं लिहून झालं, ते बाईंनी समोरून उलटं वाचलं. दीड वर्ष! सुट्या, सराव, घड्याळ, लांब्या, पळीची मिशी, नऊ घासा. आणि आता हा माणूस 'ताब्यात'मधल्या 'त'ला काना देत होता.

मामाने टेबलावरचा ठोकळा उचलला. तळहातावर फिरवला, कौतुकाने शीळ घातली. "काय गुळगुळीत! लोणी!" मग त्याचा अंगठा आकड्यांवर थांबला. "आणि हे काय मध्येच कोरून ठेवलंय? चांगल्या मालाला डाग." त्याने भाचीकडे पाहून डोळा मारला. "असू दे. नवी कानस आहे ना. दोन मिनिटांचं काम. घरी गेलो की घासून टाकू."

"नाही जाणार तो," गप्पी म्हणाली.

मामा अजून हसत होता. "काय?"

"आकडा. तो घासून नाही जाणार. खाली धातू दबलेला असतो, मामा. वरून दिसलं नाही तरी आत राहतो. आपण जेवढे घासले तेवढे सगळे आत आहेत." तिने हात पुढे केला. मामाने ठोकळा तिच्या हातात दिला, का दिला ते त्यालाही कळलं नसावं. तिने नवी कानस, कागदासकट, त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. अलगद, त्याला लागू नये अशी.

"पोरी, माणसांसमोर काय बोलतेस..."

"तू मला खांद्यावर बसवून आणलंस, ते मी विसरले नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की पंख्याच्या घरघरीत अर्धा गेला. "मी येणार नाही."

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

अधीक्षकांनी लेखणी उचलली. चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालात? मला नीट ऐकू आलं नाही. पंखा आहे. नोंद करायची तर स्पष्ट ऐकू यायला हवं."

बाईंच्या मनात आलं की तो पंखा उपटून या माणसाच्या डोक्यात घालावा. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी बटण दाबलं. बटणाबद्दल नियम नव्हता. पाती हळू हळू थांबली. कार्यशाळेत कुणीतरी लोखंडावर हातोडी मारत होतं, तेवढाच आवाज उरला, आणि मग तोही थांबला.

गप्पीने ठोकळा दोन्ही हातांत धरला, पाय रोवले, जसे ती व्हाइससमोर रोवत असे, आणि मामाकडे बघून, दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या मावशीला आणि लांब्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली:

"मी मामाकडे जाणार नाही. मी पंपाच्या कारखान्यात जाणार."